तोंड दाखवायला जागा

एक वाक्य मी हल्ली इतक्या वेळा ऐकलंय की आज त्याचा समाचार घेतल्याशिवाय शनिवार सुखाचा जाणार नाही. वाक्य साधारण असं असतं: "अहो, ही सगळी तिकडची थेरं. मुली अमेरिकेत वाढतात, नाळ तुटते, मग आईबापाच्या तोंडाला काळं फासतात आणि वर त्यावर सिनेमे निघतात." बोलणारा जरा सुशिक्षित (म्हणजे आमच्यासारखा, दोन मॉनिटरवाला) असेल तर हेच वाक्य इस्त्री करून बोलतो: "माझा विरोध नाही हं, पण आपल्या आशियाई कुटुंबपद्धतीत हे बसत नाही. व्यक्तिस्वातंत्र्य ही पाश्चात्त्य कल्पना आहे."

समोरच्या बाजूलाही एक वाक्य तयार असतं. आशियाई कुटुंब म्हणजे तुरुंग, अमेरिका म्हणजे मोकळी हवा, आणि नायिकेने शेवटी दार आपटून घर सोडलं की टाळ्या.

माझं म्हणणं असं की या दोन्ही पार्ट्यांनी हे सिनेमे पाहिलेले नाहीत. किंवा पाहिले असतील तर स्वयंपाकघरातून येताजाता.

ज्या सिनेमावरून मी हे बोलतेय तो म्हणजे २००४ चा 'सेव्हिंग फेस'. दिग्दर्शिका अॅलिस वू. बाईंची गोष्ट आमच्या जमातीला विशेष जवळची, कारण त्या मूळच्या कॉम्प्युटरवाल्या. तैवानहून आलेल्या आईवडिलांची मुलगी, स्टॅनफर्डमधून कॉम्प्युटर सायन्स, मग सिॲटलला मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी. तिथे असताना लिहायला लागल्या, पटकथेचा एक क्लास लावला, आणि नोकरी सोडून स्वतःला पाच वर्षांची मुदत दिली, की या काळात सिनेमा झाला तर झाला. आपल्यात अशी मुदत घेणारे पुष्कळ असतात. फक्त ती 'पुढच्या अप्रेझलनंतर' सुरू होते आणि आयुष्यभर सुरूच होत राहते. असो.

पटकथा घेऊन त्या फिरल्या तेव्हा त्यांना काय सुचवण्यात आलं? पात्रं गोरी करा. पुन्हा वाचा. प्रश्न दोन मुलींच्या प्रेमापुरताच नव्हता, चेहरे चिनी आहेत हाही होता. म्हणजे ज्या 'मोकळ्या हवे'चं एवढं कौतुक, तिथेही या गोष्टीला जागा हवी असेल तर तोंड बदलून यायला सांगत होते. वू बाई अडून बसल्या. शेवटी विल स्मिथच्या कंपनीने निर्मितीत हात घातला आणि सिनेमा झाला. बरेचसे संवाद चक्क मँडरिनमध्ये.

आता गोष्ट. (शेवट आधी कळलेला ज्यांना चालत नाही त्यांनी इथूनच परत फिरावं, पुढे मी सगळं सांगणार आहे.) विल ही मॅनहॅटनमधली तरुण सर्जन. आई विधवा, अठ्ठेचाळीस वर्षांची, न्यूयॉर्कच्याच फ्लशिंग भागात आपल्या आईवडिलांकडे राहते. फ्लशिंग म्हणजे चिनी वस्ती. तिथे हॉटेलात समाजाचे नाचगाण्याचे मेळावे भरतात आणि आई तिथे विलसाठी मुलं हेरून ठेवते. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाचा गणपती ज्यांनी पाहिलाय त्यांना हा प्रसंग समजावून सांगायला नको. आरती संपायच्या आत अमक्यांचा मुलगा कुठल्या कंपनीत आहे आणि ग्रीन कार्ड कुठवर आलंय हे कळलेलं असतं. तर अशा एका मेळाव्यात विलची नजर व्हिव्हियनवर पडते. व्हिव्हियन बॅले नर्तिका, आणि विलच्या हॉस्पिटलातल्या सर्वात मोठ्या सर्जनची मुलगी. दोघी प्रेमात पडतात.

इथवर ठरीव वाटेल. आता यापुढे मुलगी आईला सांगणार, आई रडणार, कुणीतरी कुणालातरी घराबाहेर काढणार. बरोबर? घराबाहेर काढलं जातंच. पण मुलीला नाही. आईला!

आई गरोदर आहे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, नवरा नसताना, आणि बाप कोण ते सांगायला तयार नाही. आजोबा संतापतात, माझी समाजात काय शोभा राहिली म्हणतात, आणि लग्न केल्याशिवाय घरी यायचं नाही म्हणून तिला हाकलतात. ती बोचकं घेऊन मुलीच्या छोट्याशा फ्लॅटवर येते. आता एकाच घरात दोन बायका, दोघींकडे एकेक गुपित, आणि दोघींचा गुन्हा एकच: जिच्यावर प्रेम करायला नको होतं तिच्यावर केलं, ज्याच्यावर करायला नको होतं त्याच्यावर केलं.

मला या सिनेमाची सगळ्यात आवडलेली गोष्ट ही आहे. वू बाईंनी आईला न्यायाधीशाच्या खुर्चीवरून उठवून आरोपीच्या पिंजऱ्यात मुलीच्या शेजारी उभं केलं. आणि गंमत म्हणजे तिथे उभी राहूनसुद्धा आईला मुलीचा खटला समजत नाही! आजोबांच्या तोंडी ऐकलेलं सगळं ती मुलीच्या बाबतीत मनातल्या मनात जपून ठेवते. विल जेव्हा एकदाचं आईला सांगते, माझं तुझ्यावर प्रेम आहे आणि मी समलिंगी आहे, तेव्हा आई म्हणते की या दोन गोष्टी तू एका दमात सांगूच कशी शकतेस, मी काही वाईट आई नाही, आणि माझी मुलगी तशी नाही. सासुरवास सोसलेली सून पुढे सासू होते तेव्हा काय करते, हे मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. सोसलेल्याने शहाणपण येतंच असं नाही. कधीकधी सोसण्याची फक्त पद्धत पाठ होते.

सिनेमाच्या नावातला 'फेस' म्हणजे चिनी लोकांचा म्येन्झ. शब्दशः चेहरा, अर्थाने इभ्रत. आपण काय म्हणतो? तोंड दाखवायला जागा उरली नाही. नाक कापलं. तोंडाला काळं फासलं. सगळी इभ्रत मानेच्या वरच. आणि हे तोंड कुणाचं असतं बघा. आजोबांची मुलगी गरोदर, पण तोंड जातं आजोबांचं. जे घडलंय ते बाईच्या शरीरात आणि मनात, पण त्याचा हिशोब लिहिला जातो घरातल्या ज्येष्ठ पुरुषाच्या वहीत. हे एकदा ध्यानात घेतलं की 'आशियाई कुटुंबपद्धतीत बसत नाही' या वाक्याचा खरा अर्थ कळतो. कुटुंबात बसतं हो, चांगलं ऐसपैस बसतं. त्या वहीत बसत नाही.

आणि तिकडच्या थेरांचं म्हणाल, तर सिनेमातली आई काही अमेरिकन होऊन बिघडलेली नाही. तिला इंग्रजी धड बोलवत नाही. ती फ्लशिंगच्या बाहेर फारशी पडत नाही. तरी ती प्रेमात पडली. आता घाला खापर अमेरिकेच्या माथ्यावर!

मला ज्यावर खरं भांडायचंय तो मुद्दा पुढचा आहे. "आईवडिलांना वेळ द्यावा, त्यांची पिढी वेगळी." हे वाक्य इतकं समंजस आहे की त्याला कुणी विरोध करत नाही. मी करते. वेळ द्यावा म्हणजे कुणाचा? तो कुणाच्या खात्यातून जातो?

'सेव्हिंग फेस'मध्ये विल आज्ञाधारक मुलगी आहे. आईला दुखवायचं नाही म्हणून ती गप्प राहते, चारचौघांत व्हिव्हियनचा हात धरत नाही. व्हिव्हियनला पॅरिसच्या बॅले कंपनीचं बोलावणं येतं. विमानतळावर ती विलला म्हणते, इथे, सगळ्यांसमोर माझं चुंबन घे. विलला जमत नाही. अख्ख्या सिनेमात मला याच जागी सर्वात जास्त राग आला, आणि तो आईवर नाही, आजोबांवर नाही, विलवर आला. कारण मातृभक्तीचं बिल फाटलं ते व्हिव्हियनच्या नावावर, जिचा त्या आईशी काही संबंध नाही.

हे असंच होत आलंय. अँग लींचा 'द वेडिंग बँक्वेट' (१९९३) घ्या. तो दोन पुरुषांचा, पण जात तीच. मॅनहॅटनमधला तैवानी तरुण आपल्या अमेरिकन जोडीदाराबरोबर सुखाने राहतोय. आईवडिलांचा लग्नाचा तगादा संपवायला तो वेवे नावाच्या चिनी चित्रकार मुलीशी खोटं लग्न करतो. तिला ग्रीन कार्ड, याला शांतता. आईवडील तैवानहून येतात, मेजवानी होते, आणि वेवे गरोदर राहते. सिनेमा गोड आहे, बर्लिनला गोल्डन बेअर मिळालेला आहे, वडिलांना सगळं आधीच कळलेलं असतं हा त्यातला फार हळवा भाग आहे. पण वेवेचं काय? सगळ्यांची इभ्रत सावरायला जिचं शरीर वापरलं गेलं, तिला शेवटी काय मिळालं? म्हाताऱ्याला नातू मिळणार म्हणून आपण डोळे पुसतो आणि घरी जातो.

हा प्रश्न मला फुरसतीतला वाटत नाही, कारण तो आपल्याकडे रोज घडतो. "लग्न करून टाका, सगळं मार्गी लागेल" हा सल्ला देणाऱ्या काका-मावश्या ज्या मुलीला (किंवा मुलाला) काहीही न सांगता बोहल्यावर उभं करतात, त्या मुलीचं तोंड कुणाच्याच हिशोबात नसतं. मीही वयाने त्याच टप्प्यावर आहे, माझीही पत्रिका माझ्यापेक्षा जास्त फिरलेली आहे. समोर बसलेला मुलगा पोह्यांच्या बशीकडे बघत काय लपवतोय हे मला विचारायचा हक्क आहे की नाही? 'आईवडिलांना वेळ द्या' म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. २०२२ च्या 'बधाई दो'मध्ये निदान दोघांना एकमेकांचं माहीत तरी असतं.

आता दुसरा आक्षेप, जो समीक्षक मंडळी नाक मुरडून घेतात: शेवट फिल्मी आहे. आहेच! आईचं ठरवून दिलेलं लग्न भर चर्चमध्ये विल थांबवते, पोटातल्या मुलाचा बाप तिथेच उघड होतो (आईपेक्षा बराच लहान निघतो), मायलेकी तिथून पळतात. पुढे त्याच फ्लशिंगच्या मेळाव्यात दोघींच्या आया कट करून विल आणि व्हिव्हियनला समोरासमोर आणतात, आणि दोघी सगळ्यांच्या देखत, नाचाच्या मधोमध एकमेकींचं चुंबन घेतात. काही लोक उठून जातात. बाकीचे थांबतात.

फिल्मी म्हणून हिणवणाऱ्यांना माझा एक साधा सवाल. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' आला १९९५ साली. त्यातही परदेशात वाढलेली मुलगी, त्यातही इभ्रतीने पछाडलेला बाप, त्यातही नायक पळून जायला नकार देऊन बापाच्या संमतीसाठी हटून बसतो. शेवटी रेल्वे फलाटावर, भरपूर मारामारीनंतर, बाप मुलीचा हात सोडतो. मुंबईच्या मराठा मंदिरला हा सिनेमा वर्षानुवर्षं चालला. कुणी म्हटलं का, की अहो असा बाप कधी असतो का? मुलगा-मुलगी असले की संमती ही 'भावनिक', आणि मुलगी-मुलगी असल्या की तीच संमती 'अवास्तव'. हा कुठला न्याय?

आणि वास्तववादी शेवट आपण पाहिलेत की. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आलं, रोहिणी हट्टंगडींनी मित्रा केली. त्या काळी हा विषय मराठी नाटकात आणणं ही छोटी गोष्ट नव्हती, त्याबद्दल तेंडुलकरांना सलाम. पण मित्रा मरते. दीपा मेहतांचा 'फायर' १९९८ मध्ये इथे लागला तेव्हा डिसेंबरात मुंबईतल्या थिएटरांवर मोर्चे गेले, काचा फुटल्या, सिनेमा पुन्हा सेन्सॉरकडे धाडला गेला. त्या सिनेमाच्या नावातच आग आहे आणि पडद्यावरही आग लागते. म्हणजे अशा मुलीने एकतर मरावं, नाहीतर जळता जळता वाचावं. यातल्या कुठल्यातरी एखादीने चांगल्या कपड्यांत नाचून घरी जेवायला जावं, एवढी चैन कुणी केली तर ती लगेच फिल्मी?

माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती सिनेमावर प्रेम असूनही आहे. विल सर्जन. व्हिव्हियन न्यूयॉर्कची नामांकित नर्तिका. म्हणजे दोघी आधीच मेरिटमध्ये आलेल्या! आशियाई घरात मुलाला माफी मिळते ती मार्कांच्या बदल्यात, हे आपण सगळे जाणतो. डिग्री, नोकरी, गाडी, परदेश, असे हप्ते भरत गेलं की कधीतरी एक स्वतःची इच्छा सुटीत मिळते. विल जर एखाद्या दुकानात गल्ल्यावर बसणारी असती, तर? इथे मला १९९९ चा 'चटणी पॉपकॉर्न' आठवतो. निशा गणात्राने दिग्दर्शितही केला आणि नायिकेचं कामही केलं. ही रीना मेंदी काढते, फोटो काढते, धड करिअर नाही. आईच्या भूमिकेत मधुर जाफरी. लग्न झालेल्या गुणी बहिणीला मूल होत नाही म्हणून ही 'वाया गेलेली' मुलगी आपलं गर्भाशय देऊ करते. म्हणजे इथेही हप्ता आहेच, फक्त पगाराऐवजी पोटातून. सिनेमा जरा अघळपघळ आहे, पण ही गोष्ट त्याने बरोबर पकडली.

अॅलिस वूंचा दुसरा सिनेमा यायला तब्बल सोळा वर्षं लागली. 'द हाफ ऑफ इट', २०२०, नेटफ्लिक्सवर. त्यात एली चू ही शाळकरी मुलगी दुसऱ्यांचे निबंध पैसे घेऊन लिहिते, बाप एका आडगावच्या स्टेशनात नोकरीला. मार्क इथेही आहेत, पण पैसा नाही. जास्त नेटका सिनेमा आहे, तरी मला 'सेव्हिंग फेस'चा गोंधळच जास्त आवडतो.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते सांगते. 'सेव्हिंग फेस'मधली आई केली जोन चेनने. 'द लास्ट एम्परर'मधली ती देखणी सम्राज्ञी. (सिनेमात आई व्हिडिओच्या दुकानात चिनी विभाग शोधते तेव्हा तिथे 'द लास्ट एम्परर' असतो, 'द जॉय लक क्लब' असतो, आणि उरलेल्या सगळ्या निळ्या फिती. एवढंच काय ते चीन! माझं हसून पोट दुखलं.) त्याच जोन चेनने २०२५ मध्ये अँड्र्यू आनच्या नव्या 'द वेडिंग बँक्वेट'मध्ये पुन्हा एका समलिंगी मुलीच्या आईचं काम केलंय. गोष्ट आता सिॲटलची. मुलगी अँजेला, तिची जोडीदार ली, मूल होण्यासाठी उपचार चाललेत आणि पैसे संपलेत, म्हणून एका कोरियन मित्राशी खोट्या लग्नाचा घाट. आणि ही आई? ती आता समलिंगी हक्कांची मोठी पुरस्कर्ती आहे. कार्यक्रमांत मिरवते, कौतुक करून घेते. मुलगी एका पुरुषाशी लग्न करणार हे ऐकून तिला धक्का बसतो, की अगं, मग माझं काय होणार!

लोक हसतात. मीही हसले. पण नीट बघा, तोंड गेलेलं नाही. बाजू बदललीय, एवढंच. पूर्वी मुलगी लपवून इभ्रत राखायची, आता मुलगी मिरवून. मधल्या काळात हीच आई मुलीशी कित्येक वर्षं बोलत नव्हती, ते मुलगी विसरलेली नाही. आईला मात्र टाळ्या मिळाल्यावर सोयीस्कर विस्मरण झालंय. माझ्या त्या 'माझा विरोध नाही हं' म्हणणाऱ्या मित्रांना मी हा सिनेमा मुद्दाम दाखवणार आहे. कारण 'विरोध नाही' हासुद्धा छातीवर लावायचा एक बिल्लाच. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ कलमाचा निकाल लागला तेव्हा सगळ्यांनी प्रोफाईलला इंद्रधनुष्य लावलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हक्क द्यायला नकार दिला, त्या दिवशी मात्र सगळ्यांना बरीच कामं होती.

मला त्या मिरवणाऱ्या आईपेक्षा २००४ ची ती चाचपडणारी, चिडणारी, स्वतःच लपत फिरणारी आई कितीतरी खरी वाटते. तिने भाषण केलं नाही. बिल्ला लावला नाही. लोक उठून जात असताना ती फक्त जागेवर बसून राहिली. ज्या मेळाव्यात तिचं तोंड गेलं होतं, तिथेच.

अर्थात तीही काही सुधारत नाही. सिनेमाच्या अगदी शेवटी, दोघी एकत्र येऊन फार दिवस झालेले नसताना, ती विल आणि व्हिव्हियनला विचारतेच: मग, मूल कधी?